प्रमाणपत्राचा पैसा कुठून आणायचा? वरूडसारख्या गावात नेटवर्क दुरुस्तीचा धंदा उभा करताना

(वरूड येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. वक्त्याच्या बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरं दिली आहेत.)



आजचा विषय पैशाचा आहे, त्यामुळे प्रस्तावना लांबवत नाही. इथे बसलेल्या पोरापोरींपैकी बऱ्याच जणांना कॉम्प्युटर, वायफाय, सीसीटीव्ही, फायबर यांच्या दुरुस्तीचं काम करायचं आहे. काही जण करतातही. त्यांना कोणीतरी सांगितलं की ‘सर्टिफिकेट असल्याशिवाय मोठं काम मिळत नाही’. मग नागपूरच्या, पुण्याच्या क्लासची जाहिरात पाहिली आणि तिथला आकडा पाहून घरात चर्चा सुरू झाली. आई म्हणते, सोनं ठेवू. बाबा म्हणतात, यंदाचा आंबिया बहर विकला की भरू. मामा म्हणतो, माझ्या ओळखीचा एक जण आहे, व्याजानं देतो. ही चर्चा घराघरांत होते, म्हणून तीच आपण इथे जाहीरपणे करू.

आधी एक गोष्ट मान्य करू, की काम आहे. वरूडमधल्या पतसंस्था, शाळा, दवाखाने, कृषी केंद्रं, संत्र्याचे व्यापारी, पॅकिंगवाले, सगळ्यांचा कारभार आता नेटवर चालतो. बगिच्यातल्या मोटारीवर नि गोडाऊनवर कॅमेरे लागले. नेट बंद पडलं की पतसंस्थेतला माणूस पासबुक घेऊन रांगेत उभा राहतो आणि अमरावतीहून माणूस यायची वाट पाहावी लागते. अमरावती इथून सुमारे ९० किलोमीटर. दुरुस्ती वीस मिनिटांची, वाट पाहणं दीड दिवसाचं. जो माणूस गावातच आहे आणि ज्याला खरंच काम येतं, त्याला इथे जागा आहे.

सरकारी बाजूनंही काम वाढतंय. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना २०११ साली मंजूर झाली, पुढे तिचं नाव ‘भारतनेट’ झालं. ४ ऑगस्ट २०२३ ला केंद्र सरकारनं तिच्या सुधारित रूपाला १,३९,५७९ कोटी रुपयांची मंजुरी दिली. फायबर टाकल्यानंतर १० वर्षांची देखभाल त्यातच धरलेली आहे, आणि गावातल्या घरापर्यंतचं कनेक्शन स्थानिक उद्योजकांमार्फत द्यायचं, असंही त्यात आहे. जमिनीत टाकलेली तार जेसीबीनं तुटते, उंदीर कुरतडतो, पावसात जॉइंटमध्ये पाणी शिरतं. ती जोडायला माणूस लागतोच.

आता मुद्द्यावर येतो. मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. लोक म्हणतात ‘पैसा पाहिजे’, पण हा एक पैसा नाही, तीन वेगळे पैसे आहेत. एक, शिकण्याचा पैसा. दोन, परीक्षेचा पैसा. तीन, अवजारांचा पैसा. शिकणं शक्यतो फुकट करावं, कारण त्याची सोय आहे. परीक्षेची फी हाताच्या कमाईतून किंवा ओळखीच्या लोकांच्या मदतीतून भरावी. आणि कर्ज घ्यायचंच तर ते अवजारांसाठी घ्यावं, कारण अवजार दुसऱ्या दिवसापासून पैसे आणतं. हे तिन्ही एकत्र करून एक लाखाचं कर्ज काढलं आणि ते क्लासला देऊन टाकलं, की घर अडकतं.

कागद कोणाला लागतो?

आधी हे पाहू की प्रमाणपत्र मागतं कोण. घरातल्या वायफायचा डबा बिघडला म्हणून बोलावणारी काकू प्रमाणपत्र मागत नाही. तिला काम झालं पाहिजे, आणि पोरगं ओळखीचं पाहिजे. बँक, कंपनी, मोठी शाळा, सरकारी ठेकेदार मात्र कागद मागतात. त्यांना त्यांच्या फाइलला लावायला तो लागतो. म्हणजे तुमचं पुढचं गिऱ्हाईक कोण आहे, त्यावरून पुढचं प्रमाणपत्र ठरवायचं.

बाजारात तीन तऱ्हेचे कागद आहेत.

पहिला सरकारमान्य. आयटीआयमधला कॉम्प्युटर हार्डवेअर आणि नेटवर्क देखभालीचा ट्रेड, ‘नाइलिट’ या केंद्र सरकारच्या संस्थेच्या परीक्षा, आणि टेलिकॉम क्षेत्राच्या कौशल्य परिषदेची ब्रॉडबँड टेक्निशियन, ऑप्टिकल फायबर टेक्निशियन अशी प्रमाणपत्रं. सरकारी योजनेत, बँकेत, ठेकेदाराकडे हे चालतात.

दुसरा कंपनीचा, जगभर चालणारा. सिस्कोचं सीसीएनए, कॉम्पटियाचं ए-प्लस आणि नेटवर्क-प्लस. ए-प्लस मिळवायला दोन पेपर द्यावे लागतात. सीसीएनए एका पेपरचं आहे, १२० मिनिटांचं. आणि हे ध्यानात ठेवा, ही प्रमाणपत्रं जन्मभराची नसतात. तीन वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. म्हणजे ही एकदाची फी नाही, दर तीन वर्षांचा खर्च आहे.

तिसरा कागद क्लासचा स्वतःचा. सोनेरी किनार, मोठा शिक्का, ‘डिप्लोमा इन ॲडव्हान्स्ड नेटवर्किंग’. शिकवणं चांगलं असेल तर त्या शिकवण्याला किंमत आहे, पण त्या कागदाला बाहेर फारशी नाही. क्लासला जाण्याआधी दोन प्रश्न विचारा. प्रमाणपत्र कोण देणार, तुम्ही की सिस्को? आणि तुमच्या फीमध्ये परीक्षेची फी धरली आहे का? उत्तर गोलगोल आलं तर चहा प्या आणि परत या.

शिकलेला आणि न शिकलेला यांत फरक काय?

काही जण म्हणतील, आमचं काम तर असंच चालते, शिकायचं काहून? एक उदाहरण देतो.

समजा एका घरी फायबरचं नेट सारखं तुटतंय. न शिकलेला माणूस डबा बंद करून चालू करेल, नाहीतर नवीन राउटर विकेल. नेट तरी तुटतंच. शिकलेला माणूस पॉवर मीटर लावेल. फायबरमधून येतो तो प्रकाश, आणि तो किती येतोय ते मोजता येतं. घरच्या फायबरमध्ये साधारण उणे २७ डीबीएम ही शेवटची हद्द. त्याच्या पलीकडे डब्याला नीट दिसत नाही. समजा आधी उणे २० येत होता, आता उणे २९ येतोय. ९ डीबीची तूट. दर ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो. तीन वेळा निम्मा, म्हणजे आठवा हिस्सा उरला. मग राउटरचा काय दोष? कुठेतरी तार दुमडली आहे, कनेक्टरवर धूळ आहे, नाहीतर जॉइंट खराब आहे. चांगल्या मशीननं मारलेल्या जॉइंटमध्ये ०.१ डीबीपेक्षाही कमी तूट येते. फायबरच्या आतला प्रकाशाचा मार्ग फक्त ९ मायक्रॉनचा, केसाच्या कितीतरी पट बारीक. म्हणून बोटाचा डागसुद्धा तिथे डोंगर होतो.

हे गणित ज्याला येतं, त्याला गिऱ्हाईक दुसऱ्यांदा बोलावतं. प्रमाणपत्राची खरी किंमत ही. त्या निमित्तानं तुम्ही हे गणित शिकता. फक्त कागद मिळवायला चोरलेले प्रश्न पाठ करून गेलात, तर कंपनीला कळल्यावर ती प्रमाणपत्र रद्द करते, आणि पतसंस्थेत उभं राहिल्यावर हात थरथरतात ते वेगळंच.

शिकण्याचा पैसा: इथे खिशात हात घालू नका

शिकायला काय काय फुकट आहे ते सांगतो.

सिस्को नेटवर्किंग अकॅडमीचे प्राथमिक अभ्यासक्रम नेटवर मोफत आहेत. त्यांचं ‘पॅकेट ट्रेसर’ नावाचं सॉफ्टवेअरही मोफत आहे. त्यात स्क्रीनवर राउटर, स्विच जोडून सराव करता येतो. खरा स्विच विकत घ्यायची गरज नाही. ज्या कॉलेजात ही अकॅडमी चालते तिथून सीसीएनएचा अभ्यासक्रम चांगल्या गुणांनी पूर्ण केला, तर परीक्षेच्या फीमध्ये सवलतीचं कूपन मिळू शकतं. जवळचं कॉलेज शोधताना हा प्रश्न आवर्जून विचारा.

प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना २०१५ पासून आहे. तिच्या केंद्रांमध्ये प्रशिक्षण मोफत असतं. त्यात एक सोय विशेष उपयोगाची आहे, ‘पूर्वज्ञानाची मान्यता’. म्हणजे तुम्ही चार वर्षं केबलवाल्याकडे काम केलंय, हात बसलेला आहे, फक्त कागद नाही, तर थोडं प्रशिक्षण आणि परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देतात. आपल्याकडच्या अनेक पोरांना हेच पहिलं प्रमाणपत्र सोयीचं आहे.

प्रत्येक जिल्ह्यात अग्रणी बँकेच्या पुढाकारानं चालणारी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था असते. राहणं-जेवण धरून मोफत. मोबाइल दुरुस्ती, सीसीटीव्ही बसवणं, कॉम्प्युटर हार्डवेअर असे अभ्यासक्रम त्यांच्या यादीत असतात. वर्ग कधी सुरू होणार ते आधी विचारून घ्या. या संस्थेचा आणखी एक फायदा म्हणजे तिथून शिकलेल्या माणसाची कर्जाची फाइल बँकेला परकी वाटत नाही.

शिवाय बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था आपापल्या समाजगटांतल्या तरुणांसाठी प्रशिक्षणाच्या जाहिराती काढतात. महाज्योतीचं मुख्यालय तर नागपुरातच आहे. जाहिरात आली की मुदत थोडी असते, म्हणून जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला आधीच काढून ठेवा. तहसीलमधल्या कागदासाठी संधी गेली, असं व्हायला नको.

परीक्षेचा पैसा: हाताची कमाई आणि आपली माणसं

आता हिशेब मांडू. सीसीएनएची फी ३०० डॉलर. डॉलर ८५ रुपये धरला तर २५,५०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर ४,५९०. एकूण ३०,०९०. नापास झालात तर फी परत नाही. पाच दिवस थांबून पुन्हा बसता येतं, पण पुन्हा पूर्ण फी भरून. आणि परीक्षा मराठीत नाही, इंग्रजीत आहे. म्हणून माझा आग्रह असा की पहिल्याच वर्षी या परीक्षेला बसू नका. आधी सरकारमान्य, मोफत किंवा कमी फीचं प्रमाणपत्र घ्या. त्यावर काम मिळवा. त्या कामातून पुढची फी काढा. शिडीची प्रत्येक पायरी खालच्या पायरीच्या कमाईतून बांधा.

ही कल्पना काही माझी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे ‘कमवा आणि शिका’ ही योजना तिथे रुजवली. गरिबाच्या पोराला दान नको, काम द्या, कामातून तो शिकेल, हा त्यातला विचार. तुमच्या धंद्यात तो अगदी चपखल बसतो, कारण तुमचं शिक्षण आणि तुमचं काम एकच आहे.

पैसा बाजूला टाकायच्या जागा पाहा. शिकाऊ उमेदवारी केली तर विद्यावेतन मिळतं. राज्य सरकारनं २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, तिच्यात बारावीवाल्याला महिना ६,०००, आयटीआय-पदविकावाल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये असं विद्यावेतन ठरवलं होतं. सध्या भरती कशी चालू आहे ते रोजगार कार्यालयात विचारा. ८,००० मधले दोन हजार दरमहा वेगळे टाकले, तर पंधरा महिन्यांत सीसीएनएची फी होते.

दुसरी जागा भिशी. बारा जणांनी दरमहा २,५०० टाकले की एकाच्या हाती ३०,००० येतात. तुमचा नंबर आधी लागला तर ते बिनव्याजी कर्ज झालं, शेवटी लागला तर ती बचत झाली. मात्र भिशी विश्वासावर चालते. ज्या भिशीतल्या अकराही जणांची घरं तुम्हाला माहीत आहेत, तिथेच बसा. मोठं व्याज देतो म्हणणारी भिशी ही भिशी नसते. आईचा किंवा बहिणीचा बचत गट असेल तर तिथली अंतर्गत कर्जं लहान असतात आणि हप्ते सांभाळण्यासारखे असतात. पण ते कर्ज आईच्या नावावर असतं, हे विसरू नका. तुमचा हप्ता चुकला तर गटाच्या बैठकीत मान तिची खाली जाते.

तिसरी जागा मला फार महत्त्वाची वाटते, आणि तिचा विचार कोणी करत नाही. ज्याला तुमची गरज आहे, त्यानंच तुमची फी भरायची. केबलवाला, पतसंस्था, सीसीटीव्हीचा दुकानदार. ‘तुम्ही माझी परीक्षा फी भरा, मी एक वर्ष ठरलेल्या पगारावर तुमचं काम करतो.’ महाराष्ट्राला ही रीत जुनी आहे. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अमेरिकेत शिकायला महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली, आणि त्या बदल्यात दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. शिक्षण किती मोठं झालं ते आपण जाणतो. पण १९१७ मध्ये बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर गेले तेव्हा जातीपायी राहायला जागा मिळेना, कचेरीत अपमान झाला, आणि त्यांना ती नोकरी सोडावी लागली. यातून आपल्यासाठी धडा असा, की कराराची मुदत लहान ठेवा, एक वर्ष पुरे. आणि मधेच सोडावं लागलं तर काय, हे आधीच लिहून घ्या. सोडलं तर उरलेल्या महिन्यांच्या हिशेबानं फी परत, एवढं एक वाक्य पुरतं. मूळ प्रमाणपत्र कोणाकडेही ठेवायला देऊ नका.

अवजारांचा पैसा: इथे कर्ज शोभतं

आता कर्जाकडे येऊ. या भागाला कर्ज म्हणजे काय ते मी शिकवायची गरज नाही. २००६ साली पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात अमरावती होता, अकोला होता. म्हणून कर्जाबद्दल बोलताना मी हळू बोलतो.

क्रिम्पिंग टूल आणि लॅन टेस्टर काही शे रुपयांत येतात. ते कमाईतून घ्या. पॉवर मीटर आणि तार कुठे तुटली ते दाखवणारा लाल लाईटही पहिल्या दोन-चार महिन्यांच्या कामातून निघतो. खरा खर्च फायबर जोडण्याच्या स्प्लायसिंग मशीनचा. चिनी मशीन आणि जपानी मशीन यांच्या किमतींत मोठं अंतर आहे. सुरुवातीला हे मशीन भाड्यानंही मिळतं. महिन्यात किती दिवस ते लागतं याची नोंद सहा महिने ठेवा. भाडं हप्त्यापेक्षा जास्त जायला लागलं, की मशीन घ्यायची वेळ झाली.

तेव्हा कुठे जायचं? मुद्रा योजना ८ एप्रिल २०१५ पासून आहे. ५०,००० पर्यंत शिशू, तिथून ५ लाखांपर्यंत किशोर, १० लाखांपर्यंत तरुण. तारण लागत नाही. एक गैरसमज काढून टाका, मुद्रामध्ये अनुदान नाही, ते परत करायचं कर्ज आहे. अनुदान पाहिजे असेल तर पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम आहे. त्यात ग्रामीण भागात खुल्या वर्गाला प्रकल्पाच्या २५ टक्के आणि विशेष प्रवर्गाला, त्यात महिलाही आल्या, ३५ टक्के अनुदान असतं. शहरी भागात ते १५ आणि २५ टक्के. राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमही त्याच धर्तीवर आहे. दोन्हींसाठी जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करा. पण केंद्राची योजना नव्या उद्योगासाठी आहे. आधीच धंदा सुरू करून, मशीन घेऊन, मग अनुदान मागायला गेलात तर फाइल परत येते. म्हणून आधी अर्ज, मंजुरी, आणि नंतर खरेदी. याशिवाय अण्णासाहेब पाटील, महात्मा फुले, वसंतराव नाईक, शबरी, मौलाना आझाद आणि इतर मागासवर्गीय अशी महामंडळं आहेत. कोणाला कोणतं लागू पडतं ते दाखल्यावरून ठरतं.

शिकण्यासाठीच कर्ज घ्यावं लागलं तर कौशल्य कर्ज योजना आहे. २०१५ मध्ये तिची मर्यादा दीड लाख होती, २०२४ मध्ये साडेसात लाख केली. पण मर्यादा वाढली म्हणजे तेवढं घ्यावंच असं नाही.

व्याजाचा हिशेब स्वतः करा. ५०,००० रुपये बँकेकडून १२ टक्के दरानं तीन वर्षांसाठी घेतले, तर हप्ता साधारण १,६६१ रुपये. तीन वर्षांत ५९,८०० च्या आत सगळं फिटतं. तेच ५०,००० गावात महिना तीन टक्क्यांनी घेतले, तर महिन्याला १,५०० नुसतं व्याज. तीन वर्षांत ५४,००० भरले आणि मुद्दल ५०,००० जसंच्या तसं उभं. ऐकायला ‘तीन टक्के’ बारापेक्षा लहान वाटतं, कारण मधला ‘महिना’ हा शब्द कोणी मोठ्यानं म्हणत नाही. राज्यात सावकारी नियमनाचा २०१४ चा कायदा आहे. त्याखाली परवानाधारक सावकारालाही शेतकऱ्याकडून तारणावर वर्षाला ९ आणि विनातारण १२ टक्के, तर इतरांकडून १५ आणि १८ टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. बिनपरवाना सावकारी हा गुन्हा आहे आणि तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे करता येते.

हप्ता किती झेपेल याचं एक साधं माप सांगतो. दुरुस्तीचा धंदा पावसाळ्यात चालतो, उन्हाळ्यात मंदावतो. त्यामुळे हप्ता सुट्या कामावर धरू नका. वर्षाच्या करारावर धरा. समजा दहा दुकानं-पतसंस्थांनी महिना ५०० रुपयांवर देखभालीचा करार दिला. ५,००० पक्के झाले. त्याच्या एक तृतीयांशाच्या आत हप्ता बसतो का? १,६६१ बसतो, अगदी काठावर. करार तीनच असतील तर अजून थांबा. आधी करार गोळा करा, मग बँकेत जा. आणि जाताना ते करार सोबत न्या. मॅनेजरला तुमच्या प्रमाणपत्राइतकेच ते वाचायला आवडतात.

निवडक प्रश्नोत्तरं

प्रश्न: सर, माह्या घरी दोन एकर संत्रा आहे. बाबा म्हणतात, व्यापाऱ्याकडून बगिच्याचा इसार आधीच घेऊ आणि तुह्या क्लासची फी भरू. घेऊ का?

उत्तर: बाबांचं मन मोठं आहे, पण नका घेऊ. फळ लहान असताना सौदा केला की भाव व्यापारी ठरवतो. गळ झाली, गारपीट झाली तर पुढे वादही होतो. तुझ्या फीच्या तारखेपायी बाबांनी कमी भावात बगिचा देऊ नये. परीक्षा पुढे ढकलता येते. सीसीएनएला आपण तारीख निवडतो, तिची वर्षातून एकच संधी नसते. बहराचा पैसा आल्यावर घरखर्च, खत-फवारणी, जुनं देणं बाजूला काढून उरलं तर घ्यावं. तोवर फुकटचा अभ्यास सुरू कर. तो सहा महिने पुरेल एवढा आहे.

प्रश्न: मी मुलगी आहे. खांबावर चढायचं काम मला कोणी देणार नाही म्हणतात. मग हे शिकून उपयोग काय?

उत्तर: पहिली गोष्ट, महावितरणच्या खांबावर परवानगीशिवाय कोणीच चढू नये, मुलानंही नाही. तिथे विजेच्या तारेचा धोका आहे आणि त्या धोक्यावर कोणतंही प्रमाणपत्र चालत नाही. दुसरी गोष्ट, नेटवर्कचं निम्मं काम खुर्चीवर होतं. स्विच, राउटरची मांडणी, पतसंस्थेचं नेटवर्क सुरक्षित ठेवणं, लांबून बिघाड शोधणं. सीसीएनए सगळं याच कामाचं आहे. शिवाय रोजगार निर्मिती कार्यक्रमात महिलांना जास्त अनुदान आहे. एकीनं मांडणी करायची, दुसऱ्यानं तार ओढायची, अशी भागीदारीही चालते. फक्त भागीदारी कागदावर लिहा.

प्रश्न: दुरुस्तीसाठी लायसन्स लागते का?

उत्तर: नुसत्या दुरुस्तीला दूरसंचार खात्याचा परवाना लागत नाही. इंटरनेट विकायचं असेल तर लागतो. त्यात एक सूट आहे. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या ‘पीएम-वाणी’ योजनेत दुकानदार परवान्याशिवाय सार्वजनिक वायफाय देऊ शकतो. दुकान उघडलं तर कामगार थोडे असताना शॉप ॲक्टखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. उद्यम नोंदणी मोफत आहे, तिच्यासाठी कोणाला पैसे देऊ नका. सेवेची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत साधारणपणे जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. मात्र अनुदानाचा अर्ज करणार असाल तर नोंदण्या करण्याआधी उद्योग केंद्रात विचारा.

प्रश्न: एक जण म्हणतो, दहा टक्के द्या, मुद्राचं कर्ज पास करून देतो.

उत्तर: त्याला दहा टक्के देऊ नका. अर्ज बँकेत किंवा ऑनलाइन स्वतः करता येतो. त्याला दिलेले पैसे परत येत नाहीत, आणि कर्ज झालंच तरी तुम्ही पूर्ण रकमेवर व्याज भरता. ५०,००० मधले ५,००० त्याला दिले, तर ४५,००० वापरून ५०,००० चा हप्ता भरायचा. एवढा महाग पैसा कशाला?

प्रश्न: मग उद्या सकाळी नेमकं काय करू?

उत्तर: एक वही घे. पहिल्या पानावर वरूडमधल्या अशा वीस जागा लिही, जिथे नेट बंद पडलं की काम थांबतं. त्यांच्याकडे जाऊन विचार, मागच्या वर्षात किती वेळा बंद पडलं, कोणाला बोलावलं, किती दिले. दुसऱ्या पानावर तुझे दाखले लिही, कोणता आहे, कोणता काढायचा आहे. तिसऱ्या पानावर तीन रकाने पाड, शिकणं, परीक्षा, अवजारं, आणि प्रत्येकासमोर पैसा कुठून येणार ते लिही. शिकण्याच्या रकान्यात कर्जाचा आकडा आला, तर खोड आणि पुन्हा विचार कर. ही वही आईबाबांसमोर उघडून बस. मग घरातली ती चर्चा सोन्यावर किंवा बगिच्यावर सुरू होणार नाही, वहीवर सुरू होईल.

वेळ झाली.